मोरीच्या तोंडातली वीट

चुन्याला गूळ लागतो हे ऐकून आईनं कपाळाला हात लावला होता. "लेकरांच्या हातावर खडा ठेवायला मी चारदा इचार करते, अन् तुम्ही भिंतीला गूळ चारा," ती नानांना म्हणाली. नाना हसले आणि गुळाची ढेप तिच्याच समोरून उचलून माळवदावर घेऊन गेले. त्यांच्या मागं अण्णा पाण्याची बादली घेऊन, अण्णाच्या मागं मी बेलफळांची टोपली घेऊन, अशी आमची वरात जिन्यानं वर निघाली. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात गवंडीकाम सोडून दुसरा विषयच नव्हता. जेवताना भाकरीत चुन्याची कचकच लागायची, केसांत माती असायची आणि रात्री अंथरुणावर पडलं की कानात चोपण्याचा ठपठप आवाज तसाच चालू राहायचा.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन थोडीच वर्षं झाली होती. शहागंजच्या मागच्या गल्लीतलं ते घर नानांनी एका मास्तरांकडून घेतलं होतं. मास्तर बिऱ्हाड उचलून हैदराबादला गेले आणि आम्ही फुलंब्रीहून आलो. खाली दगड, वर वीट आणि डोक्यावर माळवद, म्हणजे लाकडी कड्या, त्यांवर फळ्या आणि त्यांवर हातभर जाडीचा पांढऱ्या मातीचा थर. मातीचंच छत ते. दर उन्हाळ्यात त्याची देखभाल केली नाही तर पावसाळ्यात घरात ठिकठिकाणी पातेली मांडून बसायची पाळी यायची. मास्तरांनी जायच्या आधी बरीच वर्षं त्याकडं पाहिलेलं नव्हतं. वर गवत माजलं होतं, कठड्याच्या विटा सुटल्या होत्या, आणि एका कोपऱ्यात जुन्या गोवऱ्यांचा असा ढीग पडला होता की त्यामागं भिंत आहे की नाही तेही दिसत नव्हतं.

नाना तहसील कचेरीत कारकून होते. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. आता कचेरीचा कारभार मराठीत चालायला लागला होता, म्हणून संध्याकाळी ते माझीच पाटी घेऊन क, ख, ग गिरवायचे आणि मी त्यांच्या चुका काढायचे. चाळिशीतला माणूस पोरीसमोर पाटी पुसत बसायचा, पण त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. माणसानं सगळी कामं आपल्या हातांनी करावीत असा त्यांचा हट्ट होता. चांगले गवंडी तेव्हा मिळतही नव्हते हे खरं, पण मिळाले असते तरी नानांनी ते बोलावले नसते. सुट्टी आली की धोतर खोचायचं, डोक्याला पंचा गुंडाळायचा आणि वर जायचं. कचेरीत मान खाली घालून बसणारे नाना माळवदावर वेगळेच दिसायचे. शीळसुद्धा घालायचे.

पण गवंडीकाम नुसत्या हट्टानं येत नाही. ते आम्हाला शिकवलं शेजारच्या खालांनी. खाला म्हणजे एका मिस्त्रींच्या विधवा. आमचं माळवद आणि त्यांचं माळवद, दोन्ही त्या मिस्त्रींनीच बांधलेली. त्यांना मूल एकच, मुलगी, आणि ती हैदराबादला दिलेली. गल्लीतली त्यांची बरीचशी माणसं निघून गेली होती. जावई दोनदा न्यायला येऊन गेला. खाला त्याला जेवू घालायच्या आणि परत पाठवायच्या. आईनं एकदा विचारलं, "खाला, एकट्याला करमतं का इथं?" तेव्हा त्यांनी बोट वर केलं. "मिस्त्री के हात की छत है ना सर पे. इसकू छोड के किधर जाऊँ?"

दोन माळवदांच्या मध्ये छातीएवढा कठडा होता. खाला गुडघे धरून वर यायच्या, पलीकडून कठड्यावर हात टेकायच्या आणि नानांना सूचना द्यायच्या. पांढरी माती हर्सूलच्या बाजूची आणा, दुसरी नको. तिच्यात मीठ टाका, म्हणजे गवत उगवणार नाही. कळीचा चुना आणलात ना, मग घाई करू नका. "चुने कू सोने देव, नाना. जागा चुना भिंत कू खाता." म्हणजे चुना पाण्यात विरवून पुरता मुरू द्यायचा. मग त्यात वाळू आणि विटांची भुकटी घालायची, आणि मळताना साधं पाणी न वापरता गूळ, बेलफळाचा गर आणि हिरडा भिजवलेलं पाणी वापरायचं. मिस्त्रींचा कुणाला न सांगितलेला हिशेब होता तो, आणि खालांनी तो कठड्यावरून आम्हाला देऊन टाकला. त्या गुळाच्या पाण्याला मुंग्या लागायच्या. अण्णा आणि मी गुपचूप बोट बुडवून ते चाटायचो, आणि हिरड्यानं तोंड असं वाकडं व्हायचं की चोरी आपोआप उघडी पडायची.

गवंडीकामात अण्णाचा हात बसेना. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, घरातला मुलगा, म्हणून विटा लावायचं काम त्याचं आणि माती चोपायचं माझं अशी वाटणी होती. त्यानं लावलेली रांग नाना दोरी धरून बघायचे आणि काही न बोलता दोन विटा काढायचे. एके दिवशी अण्णा ऊन लागून खाली झोपला आणि थापी माझ्या हातात आली. का कोण जाणे, मला ते काम जमलं. वीट हातात घेतली की तिला कुठं बसायचंय ते मला कळायचं. मला तोवर असं काहीच जमलं नव्हतं. भाकरी वातड व्हायची, रांगोळी फिसकटायची. त्यामुळं मी जी चेकाळले, ते काही विचारू नका.

कठड्याचं काम संपत आलं तेव्हा आम्ही तो गोवऱ्यांचा ढीग हलवला. त्यामागं, कठड्याच्या अगदी पायाशी, विटेएवढं एक भोक निघालं आणि त्यातून एक काळा विंचू तुरुतुरु बाहेर आला. आई तेव्हा ताक घेऊन वर आली होती. चप्पल मारून ती म्हणाली, "कुसुम, पैले ते भोक बुजव. बाकीचं मागून." नाना खाली वाळू चाळत होते. मी वीट घासून मापाला आणली, भोकात बसवली, वरून चुना भरला आणि गिलाव्याचा हात फिरवायला घेतला. आई ताकाची चरवी ठेवून खाली गेली. तेवढ्यात पलीकडून खालांचा आवाज आला. त्या हातावर वळलेल्या शेवया वाळत घालायला वर आल्या होत्या. मी खाली बसलेली, मला कठड्यावरून त्यांचं नुसतं डोकं दिसत होतं. भोक माझ्या पायाशी होतं, ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं.

"कुसुम, नीचे एक मोरी है बेटा, पानी की. मेरी छत का पानी वहींच से तुम्हारे परनाले कू जाता. उसकू नक्को भरना. सुनी क्या?"

माझा हात गिलाव्यावर होता. "हौ, खाला," मी म्हणाले.

एवढंच. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत आले की मला ते नीट कळलंच नव्हतं. आमच्यात मोरी म्हणजे हात-पाय धुवायची जागा, मला वाटलं खाला त्या मोरीबद्दल बोलतायत. हे खोटं आहे. मला पुरतं कळलं होतं. खालांचं माळवद आमच्याहून वीतभर उंच, त्यांच्या पलीकडं उंच भिंत, म्हणजे पाणी आमच्याकडंच येणार, हे चोपणं हातात धरलेल्या कुठल्याही पोरीला कळलं असतं. मी "हौ" म्हणाले ते मनात ठरवून की खाला खाली गेल्या की वीट काढून टाकायची. चुना ओला होता, दोन बोटांनी निघाली असती. फक्त एक गोष्ट मनात आली. गिलावा इतका सुरेख बसला होता की एकदा नानांना दाखवावा आणि मग काढावी.

नाना वर आले. त्यांनी वाकून पाहिलं, ओल्या गिलाव्यावरून तळहात फिरवला आणि जिन्याकडं तोंड करून आईला हाक मारली. अण्णाला उठवून वर आणलं. "बघ रे, हे बघ. हिला कुणी शिकवलं? पोरगी नाव काढंल, लिहून ठेव." आणि खरंच त्यांनी लिहिलं. खिशातून खिळा काढला आणि माझ्या विटेवरच्या ओल्या चुन्यात माझं नाव कोरलं. मराठी गिरवून गिरवून त्यांची बोटं दुखत असतील, पण मनापासून काही लिहायचं झालं की हात उर्दूतच चालायचा. तीन अक्षरं: काफ, सीन, मीम. आईला वाचता येत नव्हतं, तरी ती पदर तोंडाला लावून बघत राहिली. अण्णानंसुद्धा "चांगलं झालंय" म्हटलं. आता वीट काढायची म्हणजे नानांनी काढलेलं नाव काढायचं. उद्या सांगेन, मी मनाशी म्हटलं.

उद्या सांगितलं नाही. शिवाय चुन्याचं काम असं की ते लावून होत नाही. आठवडाभर त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, ओलं गोणपाट टाकून ठेवावं लागतं, तेव्हा तो पक्का होतो. ते काम माझ्याकडंच होतं. म्हणजे रोज दोनदा तांब्या घेऊन मी वर जायचे आणि माझ्याच हातांनी त्या विटेला पाणी घालायचे. पहिल्या दिवशी नखानं चुना निघत होता. चौथ्या दिवशी नख मोडलं. आठव्या दिवशी नानांनी त्यावर थापीचा दांडा आपटला, टण्ण आवाज आला आणि ते खालांना ओरडून म्हणाले, "खाला, तुमच्या मिस्त्रींचा चुना लई भारी." खाला खालून अंगणातून म्हणाल्या, "मैं बोली थी ना?"

मग पावसानं ओढ दिली. मृगात चार थेंब पडले, आर्द्रात थोडी भुरभुर झाली. तेवढं पाणी माळवदाच्या मातीनं पिऊन टाकलं, कुणाच्या लक्षात येण्याजोगं काही झालं नाही. फुलंब्रीहून काका यायचा, ओसरीवर बसायचा आणि आभाळाकडं बघायचा. "नाना, पेरलेलं समदं करपून चाललं. आता नाय पडला तर दुबार पेरायलाबी बी नाय." आई देवासमोर बसायची आणि आम्हाला बसवायची. "म्हणा लेकरांनो, पाऊस पडू दे." अण्णा म्हणायचा. मी ओठ हलवायचे आणि मनात म्हणायचे, नको पडू देऊ. गल्लीतल्या बायांनी धोंडी काढली, मशिदीत पावसासाठी नमाज झाली, खाला तिकडं दुवा मागत होत्या, आणि अख्ख्या शहरात एकटी मी पाऊस पडू नये म्हणून देवाला हात जोडत होते. आमच्या काकाचं शेत डोळ्यांसमोर असताना. दुष्काळाच्या बातम्या आल्या की आजही मी उठून बाहेर जाते, आणि ते शेतकऱ्यांच्या काळजीनंच असं मी लोकांना वाटू देते.

काकाच्या पिकाचं जायचं ते गेलं, आणि मग हस्त लागला. शनिवार होता, सकाळची शाळा होऊन मी घरी आले होते. दुपारी हर्सूलकडून आभाळ भरून आलं आणि जो पाऊस कोसळायला लागला, त्यानं समोरचं घर दिसेना. आई हात जोडून ओसरीत उभी राहिली. नाना कचेरीतून अर्ध्या वाटेत भिजून आले तरी हसत होते. परनाळ्यातून पाण्याची धार गल्लीत पडत होती. नाना म्हणाले, "बघा, कसा उतार काढलाय." मी कुणाला न सांगता परसातली लोखंडी पहार उचलली आणि वर गेले.

कठड्यावरून वाकून पाहिलं. आमचं माळवद धुऊन निघालेलं, खालांच्या माळवदावर तळं. पाणी घोट्याच्या वर असेल. त्यावर वाळलेली पानं तरंगत होती आणि मोरीच्या तोंडाशी येऊन थांबत होती. मी विटेवर पहार मारली. एकदा, दोनदा, दहादा. चुन्याचा कपचा उडाला, वीट हलली नाही. खालांनी सांगितलेला गूळ, खालांनी सांगितला तो हिरडा, आणि आठ दिवस मी घातलेलं पाणी. मी रडत होते, पण पावसात ते मलाही कळत नव्हतं. मागून नानांचा आवाज आला. ते डोक्यावर गोणपाट घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभे होते, तिथून पावसात मी कशावर घाव घालतेय ते दिसत नव्हतं.

"काय ठोकतीस गं?"

एक वाक्य पुरलं असतं. नानांच्या हातात जोर होता. त्यांनी दहा घावांत ती वीट फोडली असती. ते मला मारतील अशी भीती नव्हती. त्यांनी मला कधी बोटही लावलं नाही. मला फक्त त्यांचा तो चेहरा आठवला, खिळा हातात धरलेला. मी म्हणाले, "काय नाय. पाणी कुठं तुंबलं का बघत होते." ते म्हणाले, "खाली चल, आजारी पडशील." मी खाली गेले. आईनं अंग पुसलं, शेंगदाण्याची चटणी आणि गरम भाकरी वाढली. मी दुसरा घास मोडला आणि शेजारी काहीतरी बसल्यासारखा आवाज झाला. मोठा नाही, ओल्या मातीचा आवाज मोठा नसतो.

खाला वाचल्या. त्या मागच्या खोलीत चुलीपाशी होत्या. पुढच्या खोलीचं सगळं माळवद, कड्या, फळ्या, माती, त्यांच्या बाजेवर पडलं होतं. नाना आणि गल्लीतली माणसं धावली. खालांना आमच्या घरी आणलं, आईनं त्यांना स्वतःचं लुगडं नेसायला दिलं. त्या रडल्या नाहीत. एकसारख्या हाताला लागलेली माती चोळून काढत होत्या. पाच दिवस त्या आमच्याकडं राहिल्या. मी त्यांच्या समोर जायचं टाळायचे, आणि आई मला म्हणायची, पोरगी लई हळवी हाय, खालांचं दुःख बघवत नाय तिला.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. खाला नानांना म्हणाल्या, "एक बार ऊपर से देखने देव." त्यांचा जिना ढिगाऱ्यात गेला होता, म्हणून आमच्या जिन्यानं. नानांनी मला त्यांचा हात धरायला सांगितलं. एकेक पायरी चढत, गुडघ्यावर हात ठेवत त्या वर आल्या. आधी त्यांनी कठड्यावरून आपल्या घरात पाहिलं. वरून ते उघडं घर पेटीचं झाकण काढल्यासारखं दिसत होतं. मग त्यांनी खाली पाहिलं, आमच्या बाजूनं, कठड्याच्या पायाशी. त्या हळूहळू खाली बसल्या. पहारीनं गिलावा जागोजाग फुटला होता, पण अक्षरं शाबूत होती. त्यांनी त्यांवरून बोट फिरवलं. "काफ," त्या म्हणाल्या. "सीन. मीम."

घरात ते वाचू शकणारी दोनच माणसं होती, नाना आणि खाला, हे मला त्या क्षणी कळलं. नाना पलीकडच्या टोकाला परनाळा बघत होते. खालांनी माझ्याकडं पाहिलं नाही. अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "तू हौ बोली थी ना?"

नाना जवळ आले आणि म्हणाले, "खाला, एक कळंना. तुमचं पाणी जात कुठून होतं? एवढं तुंबलं कसं?" मला वाटलं, आता. खाला माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. सगळा भार त्यांनी माझ्यावर टाकला होता. "कड्याँ सड गई थी, नाना," त्या म्हणाल्या. "मिस्त्री जाके कित्ते बरस हुए. छत बी कित्ता रुकती?"

दोन दिवसांनी जावई आला आणि त्यांना घेऊन गेला. या वेळी त्यांनी त्याला परत पाठवलं नाही. गल्लीतले लोक म्हणाले, जमाना बदलला, आता यांची माणसं इथं राहत नाहीत, आज ना उद्या जाणारच होत्या. नानाही तेच म्हणाले, हळहळून. त्या सगळ्या वर्षांत कोण कुठून कशामुळं गेलं याची मोठमोठी कारणं मी पुढं ऐकली, शाळेत शिकवलीही. पण आमच्या शेजारची बाई कशामुळं गेली ते मला ठाऊक आहे. एका विटेमुळं गेली.

दर ईदला खाला आम्हाला कोरडा शिधा द्यायच्या: शेवया, खोबरं, चारोळी, साखर. शिजवलेलं आई घेणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे आईला. हैदराबादला गेल्यावरही तो शिधा येत राहिला, कुणा ना कुणा येणाऱ्याच्या हाती. सोबत नानांना उर्दूत चार ओळी. नाना मोठ्यानं वाचायचे, सगळ्यांना दुवा, आणि शेवटी दर वेळी, कुसुमला प्यार. उत्तरात तुझ्याकडून काय लिहू, असं नाना मला विचारायचे नाहीत. आपणच लिहायचे, कुसुमचा सलाम.

घर आता अण्णाच्या मुलाकडं आहे. त्यानं स्लॅब टाकला, पण मधला तो कठडा सामायिक म्हणून त्याला कुणी हात लावला नाही. ती वीट अजून तिथं आहे. नाना जाईपर्यंत आल्यागेल्याला ती दाखवायचे. मला बघायला पाहुणे आले त्या दिवशीही त्यांनी सगळ्यांना माळवदावर नेलं. "शेजारचं आख्खं माळवद बसलं त्या पावसात, पण आमच्या कुसुमनं लावलेली वीट हलली नाय." पहारीच्या खुणा त्यांना पावसाच्या वाटत. खाली आल्यावर मुलाच्या वडिलांनी कौतुकानं मला विचारलं, एवढा पक्का चुना करतात तरी कसा? मी खालांच्या शेवयांची खीर वाढत होते. मी सांगितलं, गूळ, बेलफळ, हिरडा, आणि आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी. मोरीचं मी सांगितलं नाही. पाहुण्यांनी खीर दोनदा मागून घेतली, आणि त्याच बैठकीत माझं लग्न ठरलं.